खिळा, बूच, पुन्हा खिळा
धायरी व परिसरातल्या नवशिक्या धनशोधकांसाठी मार्गदर्शिका

मेटल डिटेक्टर घेतलात, उत्तम केलंत. त्यात किती पैसे घातले याचा खरा आकडा घरात अजून सांगितला नसेल, तर तो कधी सांगावा हे या मार्गदर्शिकेच्या कक्षेत येत नाही. इथे एवढंच पाहायचं आहे, की पहिल्या रविवारी जो उत्साह असतो त्यातला थोडा तरी चौथ्या रविवारी शिल्लक कसा ठेवावा. कारण पाचव्या रविवारी बहुतेक मशीनं माळ्यावर, गणपतीच्या मखराशेजारी मुक्कामाला जातात.

आधी डोक्यातला हंडा काढा

जमिनीत धन असतं हे मराठी माणसाला शाळेत जायच्या आधीपासून ठाऊक असतं. तोरण्याची डागडुजी करताना शिवाजी महाराजांना धन सापडलं आणि ते राजगडाच्या बांधकामाला लागलं, ही परंपरेनं चालत आलेली हकीकत. सिंहगडावरून तोरणा दिसतो आणि धायरीतल्या गच्चीवरून सिंहगड दिसतो. त्यामुळे दोन डोंगर पलीकडे जे घडलं ते आपल्या सोसायटीच्या मागच्या मोकळ्या प्लॉटवर का घडू नये, असं वाटणं साहजिक आहे. शिवाय प्रत्येक घराण्यात कुणातरी चुलत आजोबांना वाडा पाडताना हंडा लागलेला असतो. तो हंडा कुणीही पाहिलेला नसतो, पण त्यानंतर त्या घराचं कसं वाटोळं झालं ते सगळ्यांना तोंडपाठ असतं.

पूर्वी या कामाला पायाळू माणूस लागे. पायाकडून जन्मलेल्याच्या डोळ्यांत अंजन घातलं की त्याला जमिनीखालचे हंडे आणि हंड्यांवरचे नाग दिसतात, अशी समजूत. तुमच्या हातात आता बॅटरीवर चालणारा पायाळू आहे. फरक इतकाच, की त्याला हंडा आणि बिसलेरीच्या काळाआधीचं सोड्याचं बूच यांत फारसा भेद कळत नाही. तरीही कुणी लिंबू, काळं मांजर आणि अमावास्या असा जोडप्रस्ताव घेऊन आला, तर त्याला 2013 च्या महाराष्ट्राच्या जादूटोणाविरोधी कायद्याची आठवण करून द्या. मौल्यवान वस्तू किंवा पाण्याचा साठा शोधण्याच्या नावाखाली केलेली अघोरी कृत्यं त्यात नेमकी नोंदवलेली आहेत. आणि ‘शंभर फुटांवरचं सोनं दिशेसकट दाखवतो’ असा दोन दांड्यांचा यंत्रवाला भेटला, तर त्याच्यापासूनही चार हात लांब राहा. इंग्लंडमधल्या एका इसमानं गोल्फचे चेंडू शोधण्याच्या खेळण्यातून बेतलेली असली यंत्रं बॉम्बशोधक म्हणून इराकला विकली होती. 2013 मध्येच त्याला दहा वर्षांची शिक्षा झाली. एकूण ते साल या धंद्याला मानवलं नाही.

मशीनला काय ऐकू येतं

तळाच्या चकतीत तारेचं वेटोळं असतं. त्यातून उलटसुलट वाहणारी वीज जमिनीत बदलतं चुंबकीय क्षेत्र सोडते. वाटेत धातू आला की त्यात छोटे भोवरी प्रवाह उठतात, आणि त्यांची चाहूल दुसरं वेटोळं टिपतं. ही चाहूल किती मागं पडली त्यावरून मशीन अंदाज बांधतं: हे लोखंड, हे तांबं, ही चांदी असावी. ‘असावी’ हा शब्द जपून ठेवा. नाण्याएवढी वस्तू साधारण वीतभर खोलीपर्यंत कळते. चुलत आजोबांचा हंडा सहा फुटांवर असेल तर तो तुमच्या बुटांखाली निवांत राहील.

त्यात आपली जमीन. पुण्याखालचा काळा पाषाण म्हणजे सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी थंड झालेला लाव्हा. त्यात लोहयुक्त खनिज भरपूर, त्यामुळे मुरूमच बोलतो. मशीनसोबतची पुस्तिका ज्यांनी लिहिली त्यांची माती निराळी होती. इथे दर थोड्या अंतरावर ‘ग्राउंड बॅलन्स’ करावा लागतो, नाहीतर एखादा साधा धोंडा अशी काही मंजूळ शीळ घालतो की तुम्ही कोपरभर खणून त्याला बाहेर काढता आणि मग दोघं एकमेकांकडे बघत बसता.

हिरमोड झालाच तर ग्रॅहॅम बेलला आठवा. 1881 मध्ये अमेरिकेचे अध्यक्ष गारफिल्ड यांच्या अंगात रुतलेली गोळी शोधायला टेलिफोनवाले बेल स्वतः यंत्र बनवून घेऊन गेले. यंत्र जिथे तिथे वाजत राहिलं. गादीखाली पोलादी स्प्रिंगा होत्या, आणि डॉक्टरांनी ज्या बाजूला शोधू दिलं त्या बाजूला गोळी नव्हतीच. अध्यक्ष सप्टेंबरात वारले. इतक्या मोठ्या माणसाला गादीनं चकवलं, तर आपल्याला सेंट्रिंगच्या खिळ्यानं चकवलं म्हणून मान खाली घालायचं कारण नाही.

पहिल्या दिवशीचं उत्पन्न

खिळा. खिळा. बाइंडिंग वायरचा तुकडा. सोड्याचं बूच. गोळ्यांचं रिकामं पाकीट (त्याची चांदी मशीनला फार आवडते). पुन्हा खिळा. वेल्डिंगची उरलेली कांडी. एक रुपया, जो आजकाल पोलादी असल्यामुळे मशीन त्याला कधी लोखंडात काढतं तर कधी भलत्याच धातूत. धायरी आणि नऱ्ह्याच्या दरम्यान छोटी वर्कशॉप इतकी, की लेथवरून निघालेला लोखंडी कीस काही ठिकाणी मातीचाच भाग झाला आहे. अशा जागी हेडफोन लावला तर वरातीच्या बँडमध्ये उभं राहिल्यासारखं वाटतं.

इथे अनुभवी मंडळी सांगतात, लोखंड बंद करा. मशीनला तशी सोय असते. एक बटण दाबलं की लोखंडाचा आवाज येत नाही, फक्त तांबं-पितळ-चांदी-सोनं वाजतं. नवशिक्याला हा सल्ला अमृतासारखा वाटतो. तो घेण्याआधी जरा थांबा, कारण या बटणावरच तुमचा उत्साह टिकणार की जाणार हे ठरतं.

धायरी काही राजधानी नव्हती, पेठही नव्हती. डोंगरावर धारेश्वर, खाली गाव, बाकी शेतं आणि मळे. रायकर मळा, बेनकर वस्ती ही नावं बसच्या पाट्यांवर आली, तरी आधी ती पिकं काढणाऱ्यांची होती. गाव 2017 मध्ये महापालिकेत आलं, टॉवर त्याच्याही आधी आले. अशा गावाच्या मातीत मागच्या दोनशे वर्षांत पडलं काय असेल? बैलगाडीच्या चाकाची धाव, नांगराचा फाळ, कुळवाची पास, मोडकं खुरपं, विळ्याचं पातं, बैलाच्या खुराची पत्री. सगळं लोखंड. म्हणजे तुम्ही ते बटण दाबता तेव्हा कचरा गप्प होतो, आणि सोबत अख्खी धायरीही गप्प होते. मग उरते ती फक्त सोन्याची वाट, आणि तिच्यावर पाय दुखतात.

पत्री हातात आली तर ओळखू यावी म्हणून सांगतो. अर्धचंद्राकृती, तळहाताच्या मध्यात मावेल एवढी. बैलाचा खूर दुभंगलेला, म्हणून एका पायाला दोन. गंजानं फुगलेली असते आणि मुरमाचे खडे तिला असे धरून बसलेले असतात की आधी तो दगडच वाटतो. काडीनं टोकरलं की कडेला एका ओळीत भोकं लागतात, आणि नशीब असेल तर एका भोकात खिळ्याचं मोडकं डोकं. ही पत्री उलटी करून बघा. बाहेरची कड आतल्या कडेपेक्षा जास्त झिजली असेल, तर हा बैल रस्त्यावर भरपूर चालला, की तो पाऊलच वाकडं टाकायचा? गावातल्या जुन्या माणसांना दाखवा. तासभर बोलतील. तांब्याचा पैसा दाखवलात तर पाच मिनिटं बोलतील, आणि त्यातली चार तो कितीला जाईल यावर.

दिनकर केळकरांनी बाजीराव रस्त्यावर जो संग्रह उभा केला तो याच वृत्तीचा. अडकित्ते, दिवे, दौती, कुलपं. ज्या वस्तू लोक मोडीत घालत होते त्या त्यांनी गावोगाव फिरून गोळा केल्या आणि 1975 मध्ये सरकारला देऊन टाकल्या. त्यांच्याकडे मशीन नव्हतं. ‘लोखंड बंद’ हे बटण तर मुळीच नव्हतं.

राडारोड्याविषयी गंभीर सूचना

पुण्यातल्या कुठल्याही उपनगरात खणताना एक गोष्ट लक्षात घ्यायची: वरची दोन-तीन फूट माती त्या गावची असतेच असं नाही. खड्डा दिसला की डंपर राडारोडा आणून ओततात. पेठेतला वाडा पाडला, त्याचा मलबा सिंहगड रस्त्याच्या आसपासच्या एखाद्या सखल प्लॉटवर आला, वर मुरूम पसरला, झाली जमीन. मशीनला यातलं काही कळत नाही.

अशाच एका प्लॉटवर, मालकाच्या परवानगीनं, मला पितळेचं फुलपात्र मिळालं. जेसीबीच्या दातानं एक बाजू चेपलेली, काठाला चीर. दुकानदार बारीक ठिपके ठोकून भांड्यावर नाव घालतात, तसं त्यावर घातलेलं: ‘चि. सौ. कां.’, मग जिथे मुलीचं नाव असायला हवं तिथे पोचा, आणि खाली ‘मावशीकडून सप्रेम’. तारीख अर्धीच वाचता येते. आता हे फुलपात्र धायरीत नवरीबरोबर आलं की डंपरबरोबर? नवरीबरोबर आलं असेल तर ते या गावातल्या एका लग्नाचा पुरावा आहे. डंपरबरोबर आलं असेल तर कुठल्या पेठेतला, कुठला वाडा, सगळंच गेलं. ज्या थरात ते होतं त्यात विटांचा चुरा आणि फरशीचे तुकडे होते, म्हणून मी डंपरच्या बाजूनं आहे. मावशी कोणत्या पेठेत राहत होत्या ते मात्र विटा सांगत नाहीत.

वस्तू कुठे, किती खोल, कशाच्या शेजारी होती हे वहीत लिहायचं ते यासाठी. नाशिक जिल्ह्यातल्या जोगळटेंभीला 1906 मध्ये चांदीच्या नाण्यांचा साठा सापडला, तेरा हजारांहून जास्त. नाणी क्षत्रप नहपानाची, पण त्यांतल्या नऊ हजारांहून अधिक नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीनं आपला छाप पुन्हा मारलेला. नहपानाचं राज्य सातकर्णीनं घेतलं याचा इतका ठसठशीत पुरावा मिळाला, कारण साठा साठा म्हणून मोजला गेला. त्यातलं एकेक नाणं एकेका सराफाकडे गेलं असतं तर त्यांचे दागिने झाले असते आणि इतिहासाच्या पुस्तकातलं एक पान कोरं राहिलं असतं.

जाता जाता: फुलपात्र चिंचेनं घासायचं नाही. पितांबरीही नाही. घरातल्या कुणी ‘आणा, चकाचक करून देते’ म्हटलं तर ते कपाटात कुलूपबंद करा.

कायदा, वडापाव आणि जिल्हाधिकारी

उत्साहाच्या भरात सिंहगडावर मशीन घेऊन जाऊ नका. तानाजी मालुसऱ्यांच्या लढाईतली तलवार तुमचीच वाट पाहत 1670 पासून पडून आहे हा विचार कितीही गोड असला तरी नाही. संरक्षित स्मारकांना केंद्राचा 1958 चा आणि राज्याचा 1960 चा कायदा आहे, आणि तिथे परवान्याशिवाय उकरणं हा गुन्हा आहे. शनिवारवाड्याच्या बागेत सहज म्हणून खुरपं चालवणाऱ्यालाही तेच लागू.

मग आपला प्लॉट बरा? बरा, पण तिथेही 1878 चा भारतीय निखात निधी कायदा तुमच्या आधी येऊन उभा आहे. जमिनीत दडलेली, दहा रुपयांहून जास्त किमतीची कुठलीही वस्तू सापडली की जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवायचं. ही दहा रुपयांची मर्यादा इंग्रजांनी घातली. आज धायरी फाट्यावरचा वडापावही तिच्या वर जातो. कळवलं नाही तर हिस्सा जप्त, शिवाय एक वर्षापर्यंत कैद, किंवा दंड, किंवा दोन्ही. कळवलं, जाहीर नोटीस निघाली, ठरलेल्या मुदतीत कुणी मालक पुढे आला नाही आणि जमीनमालकाशी तुमचा वेगळा करार नसला, तर तीन चतुर्थांश सापडवणाऱ्याचं आणि एक चतुर्थांश जमीनवाल्याचं. सरकारला वस्तू हवी असेल तर धातूची किंमत अधिक तिचा पाचवा हिस्सा देऊन सरकार ती घेतं. एकोणिसाव्या शतकाच्या मानानं कायदा बराच उदार म्हणायचा.

अर्जाचा नमुना खालीलप्रमाणे:

‘मा. जिल्हाधिकारी साहेब, पुणे यांस. विषय: जमिनीत वस्तू सापडल्याबाबत. महोदय, दिनांक अमुक रोजी मौजे धायरी येथील सर्व्हे नंबर तमुकमध्ये अर्जदारास गंजलेली पत्री नग एक (बैलाची) मिळून आली. अंदाजे किंमत भंगाराच्या भावाने रुपये चार. सबब कायद्यात बसत नाही, तरी माहितीस्तव सादर.’

पाठवायची गरज नाही. लिहून पाहिला की हात वळतो, आणि उद्या खरंच काही लागलं तर मजकूर तयार असतो. थट्टा वाटत असेल तर फार लांब जायला नको, नदीपलीकडे चिखलीत बघा. बांधकामाच्या खोदाईत मजुरांना सोन्याची नाणी मिळाली. कुणाला कळवलं नाही. मार्च 2021 मध्ये पिंपरी-चिंचवड पोलिसांनी ती ताब्यात घेतली तेव्हा मोजदाद झाली: 216 नाणी, वजन 2,357 ग्रॅम, अठराव्या शतकातली. कळवलं असतं तर तीन चतुर्थांशाचा हिशेब मांडता आला असता. तो न मांडता पोलिसांचा पंचनामा वाट्याला आला.

आता परवानगी. जमीनमालकाची लेखी परवानगी घ्यायची, हे वाक्य इंग्लंडमध्ये सोपं आहे. धायरीत आधी सातबारा काढा. त्यावर एका गुंठ्याला वारसांची इतकी नावं असतात की ती वाचेपर्यंत पावसाळा येतो. त्यातले दोघं एकमेकांशी बोलत नाहीत, एक अमेरिकेत, आणि एकाला पक्की खात्री असते की तुम्ही बिल्डरचा माणूस आहात. मशीन घेऊन जाऊच नका, पहिल्या भेटीला हात हलवत जा. चहा होईल. दुसऱ्या भेटीत विचारा की तुमच्या विहिरीवर मोट होती का. तिसऱ्या भेटीत ते स्वतःच म्हणतील, आजोबांची घुंगुरमाळ त्या बांधावर कुठेतरी हरवली होती, बघता का जरा?

इथे धंदा सुरू होतो. 1992 च्या नोव्हेंबरात इंग्लंडमधल्या हॉक्सन गावी एरिक लॉज नावाचे निवृत्त गृहस्थ शेजारच्या शेतकऱ्याचा हरवलेला हातोडा शोधायला मशीन घेऊन गेले. लागली रोमन नाणी, चांदीचे चमचे, सोनं. लॉजनी थोडं काढलं, मग हात आवरला आणि अधिकाऱ्यांना कळवलं. पुरातत्त्ववाल्यांनी लगेच येऊन सगळं जसंच्या तसं उचललं, त्यामुळे कुजून गेलेल्या पेटीत कुठली वस्तू कुठे ठेवली होती हेसुद्धा कळलं. नाणी चौदा हजारांहून जास्त निघाली. बक्षीस पावणेदोन दशलक्ष पौंड, आणि त्यातला वाटा लॉजनी शेतकऱ्याला दिला. हातोडाही सापडला. तो आता ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. यातून नवशिक्यानं घ्यायचं ते एवढंच, की शेजाऱ्याचा हातोडा शोधायला नकार देऊ नये.

मन फारच खचलं तर

जुन्या बाजारात जा, बुधवारी किंवा रविवारी. तिथे पोतंभर शिवराया पसरलेल्या असतात. खऱ्या, खोट्या, आणि खोट्याही बऱ्याच जुन्या. एका बाजूला ‘श्री राजा शिव’, दुसऱ्या बाजूला ‘छत्रपति’ अशी अक्षरं बोटानं चाचपून पाहा, हाताला वजनाची सवय होते. विकत घेऊन आपल्याच प्लॉटवर पुरून ठेवायची आणि मेहुण्यासमोर सापडवायची, हा विचार मनात येईल. करू नका. मेहुणे असल्या वेळी मशीनही मागतात.

शिवाय हे ध्यानात असू द्या की मशीन ज्याला शांत जमीन म्हणतं ती रिकामी नसते. शिरूर तालुक्यातल्या इनामगावला डेक्कन कॉलेजच्या मंडळींनी 1968 पासून बरीच वर्षं खोदकाम केलं. तीन हजार वर्षांपूर्वीची घरं, चुली, धान्याची कोठारं आणि रांजणांत पुरलेली लेकरं निघाली. तुमचं मशीन त्यातल्या बहुतेक जागांवरून एक अक्षर न बोलता पुढे गेलं असतं. तेव्हा खापराचा तुकडा दिसला तर तो मशीनमध्ये वाजला नाही म्हणून फेकू नका. जिथल्या तिथे ठेवा, फोटो काढा, वहीत मांडा.

बघ्यांचं काय करावं

धायरीत मोकळ्या जागेवर मशीन फिरवणारा माणूस एकटा राहत नाही. पहिला विचारील, ‘महावितरणकडून का?’ दुसरा, ‘लाइन फुटलीय का कुठे?’ तिसऱ्याला काहीतरी माहीत असतं आणि तो डोळे बारीक करून म्हणतो, ‘सापडलं का?’ यावर कधीही ‘नाही’ म्हणायचं नाही, कारण त्यावर कुणी विश्वास ठेवत नाही आणि रात्री चार जण फावडी घेऊन येतात. खिशातून सगळे खिळे काढून त्यांच्या तळहातावर ठेवा. एकदम पांगतात. मुलं मात्र पांगत नाहीत. त्यांना हेडफोन द्या, खड्डे बुजवायचं काम द्या. ते मोठ्यांपेक्षा नीट बुजवतात. सोसायटीच्या बागेत एखादीचं जोडवं किंवा कानातल्याची फिरकी हरवली असेल तर अगत्यानं शोधून द्या. अध्यक्षांचा विरोध तिथेच मावळतो.

एक आजोबा मात्र लांबूनच पाहत उभे असतात. शेवटी काठी टेकत जवळ येतात, मशीनची चकती निरखतात आणि विचारतात, ‘पाणी किती फुटांवर लागंल?’ ते तुम्हाला पाणाड्या समजले आहेत. त्यांना वेटोळं, भोवरी प्रवाह वगैरे समजावत बसू नका. हात जोडा आणि टँकरवाल्याचा नंबर द्या.